वाचन, उपयुक्त माहिती आणि रोजच्या नोंदी : वही एकच असावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वाचलेल्याची नोंद ठेवावी, पुढे उपयोगी पडेल अशी माहिती टिपून ठेवावी आणि दिवसभरात घडलेले काही चार ओळींत लिहून काढावे, असा सल्ला वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून अधूनमधून दिला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र वाचनाची वही वेगळी, घरगुती युक्त्यांची वेगळी आणि रोजनिशी त्याहून वेगळी ठेवावी, अशी जी पुस्ती या सल्ल्याला हमखास जोडलेली असते, तिच्याविषयी माझे मत अगदी उलट आहे आणि ते सविस्तर मांडण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. अशा नोंदी मध्येच बंद पडतात तेव्हा दोष लिहिणाऱ्याच्या आळसाला दिला जातो. मला वाटते, बहुतेक वेळा दोष या विभागणीचा असतो.

झोपण्यापूर्वी तासभर मोबाइल बाजूला ठेवावा, असे एखाद्याने पुस्तकात वाचले, आठवडाभर तसे करून पाहिले आणि त्या आठवड्यात झोप कशी लागली ते लिहून ठेवायचे ठरवले, तर ही नोंद वाचनाची, युक्तीची की रोजनिशीची? प्रामाणिक उत्तर असे की ती तिन्ही आहे, आणि तिचे मोलही ती तिन्ही असण्यातच आहे. तीन वह्यांचा नियम पाळायचा तर तिचे तीन तुकडे करावे लागतात किंवा कोणत्या वहीत लिहावे याचा विचार करीत ती लिहिण्याचेच राहून जाते. लिहिण्याची इच्छा फार थोडा वेळ टिकते. त्या वेळी माणसासमोर वर्गवारीचा प्रश्न उभा करणे म्हणजे त्याला वही मिटायला सांगणे होय. म्हणून लिहिताना क्रम एकच असावा आणि तो तारखेचा असावा. विषयवार लावण्याचे काम नंतरचे आहे, ते निराळ्या वेळी आणि निराळ्या पद्धतीने करायचे असते.

या पद्धतीला थोर पूर्वज आहेत. लिओनार्दो दा विंची याच्या वह्यांची सुमारे 7,000 पाने आज उपलब्ध असल्याचे मानले जाते. त्यांत पाण्याच्या प्रवाहाची निरीक्षणे, यंत्रांची रेखाटने, पैशांचे हिशेब, मिळवायच्या पुस्तकांच्या याद्या आणि कोणाला काय विचारायचे आहे याच्या आठवणी शेजारी शेजारी नांदतात. 1508 च्या मार्चमध्ये फ्लॉरेन्समध्ये सुरू केलेल्या एका वहीच्या आरंभी त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे की, हा संग्रह अनेक कागदांवरून उतरवलेला व क्रम नसलेला असेल, पुढे ज्या त्या विषयाच्या जागी तो लावता येईल अशी आशा आहे, आणि तोपर्यंत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिली गेली तर वाचकाने दोष देऊ नये, कारण विषय पुष्कळ आहेत आणि स्मरणशक्ती ते सगळे धरून ठेवू शकत नाही. ती आशा त्याच्या हयातीत पुरी झाली नाही. चित्रकलेविषयीच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र करून त्यांना ग्रंथाचे रूप देण्याचे काम त्याच्या मृत्यूनंतर त्याचा शिष्य फ्रांचेस्को मेल्झी याला करावे लागले. आपल्यापैकी कोणालाही मेल्झी मिळण्याची शक्यता नाही. एकाच वहीच्या पद्धतीतला खरा धोका हाच आहे की लिहिलेले असते, पण सापडत नाही.

या धोक्यावरचा उपाय इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक याने काढला. टिपणवहीची सूची कशी करावी याविषयीचा त्याचा लेख 1686 मध्ये फ्रेंचमध्ये छापला गेला आणि त्याचे इंग्रजी रूप त्याच्या मृत्यूनंतर 1706 मध्ये आले. राज्यव्यवस्था आणि मानवी आकलन यांवर लिहिणाऱ्या माणसाने वहीची पाने कशी आखावीत यावर इतक्या बारकाईने लिहावे याचे अनेकांना नवल वाटते. मला मात्र ते अगदी स्वाभाविक वाटते, कारण वाचलेले वेळेवर हाताशी येणे हा त्याच्या उद्योगाचा पायाच होता. त्याची युक्ती साधी आहे. वहीच्या आरंभीची समोरासमोरची दोन पाने आखून प्रत्येक मुळाक्षराला एक जागा द्यायची आणि त्या जागेचे पाच स्वरांप्रमाणे पाच भाग करायचे. नोंदीच्या शीर्षकाचे पहिले अक्षर आणि त्यानंतर येणारा पहिला स्वर यांवरून तिचे घर ठरते आणि त्या घरात फक्त पानाचा आकडा लिहायचा. एखाद्या विषयासाठी आधीपासून पाने राखून ठेवावी लागत नाहीत. त्यामुळे एका विषयाची पाने कोरी राहिली आणि दुसऱ्याला जागा पुरली नाही, असा नेहमीचा प्रसंग येत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. लॉकला शब्दातला स्वर शोधावा लागत होता. आपल्या लिपीत तो व्यंजनाला चिकटूनच येतो, त्यामुळे ही सूची बाराखडीसाठीच बेतलेली असावी असे वाटू लागते. ‘पाणी’ आणि ‘पाठदुखी’ या नोंदी ‘पा’च्या घरात जातील, ‘पुस्तके’ ‘पु’च्या घरात जातील, आणि जोडाक्षराने सुरू होणारा ‘प्रवास’ ‘प’च्या घरात ठेवता येईल. पूर्ण बाराखडी घेण्याची गरज नाही. ऱ्हस्व-दीर्घ एकत्र केले, ए-ऐ आणि ओ-औ यांच्या जोड्या लावल्या, तर अ, आ, इ, उ, ए, ओ असे सहा स्तंभ पुरतात. ङ, ञ, ण आणि ळ यांनी सहसा शब्द सुरू होत नाही, तेव्हा त्यांच्या ओळी गाळाव्यात. वहीच्या शेवटची दोन-तीन पाने अशी आखून ठेवली आणि वहीच्या प्रत्येक पानाला आकडा घातला, की निम्मे काम झाले. लॉक प्रत्येक घराला वहीतले समोरासमोरचे एक पान-जोडपे देत असे. मी सुचवतो ती रीत त्याहूनही सोपी आहे, कारण तीत नोंदी तारखेनेच ओळीने लिहायच्या आणि लॉककडून फक्त सूची घ्यायची. आठवड्यातून एकदा बसून त्या आठवड्याच्या नोंदींना शीर्षके द्यावीत व आकडे सूचीत चढवावेत. या बैठकीत सगळ्या नोंदी आपोआप पुन्हा वाचल्या जातात आणि माझ्या मते सूचीपेक्षाही हा लाभ मोठा आहे.

विषयवार कप्प्यांचा मोह मोठमोठ्या अभ्यासकांनीही टाळलेला दिसतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान याने आयुष्यभरात सुमारे 90,000 चिठ्ठ्या लिहून पेट्यांमध्ये ठेवल्या आणि त्यांच्या आधारावर कितीतरी ग्रंथ लिहिले. त्या चिठ्ठ्यांना विषयांची ठरावीक चौकट नव्हती. प्रत्येकीला क्रमांक होता, एकीवरून दुसरीकडे जाणारे निर्देश होते आणि प्रवेशासाठी शब्दांची एक सूची होती. सामान्य वाचकाने लूमानची नक्कल करू नये, त्यात फार वेळ जातो. पत्ता क्रमांकावरून ठरतो, विषयावरून नव्हे, एवढा धडा घेतला तरी पुरे.

आता नोंद कशी असावी याकडे वळतो. वाचनाच्या नोंदीबाबत माँतेन या फ्रेंच निबंधकाराची सवय मला सर्वांत अनुकरणीय वाटते. पूर्वी वाचलेले आणि स्वतःच्याच खुणांनी भरलेले पुस्तक नवे समजून पुन्हा हातात घेण्याचा प्रसंग त्याच्यावर अनेकदा आला, म्हणून त्याने एकदाच वाचायचे ठरवलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी ते वाचून संपवल्याची तारीख आणि लेखकाविषयीचे आपले एकंदर मत लिहिण्यास सुरुवात केली. त्यात सारांशाला फारसे स्थान नव्हते, होता तो निवाडा. पुस्तकात काय आहे ते पुस्तक उघडले की पुन्हा मिळते. त्या वयात, त्या वेळी ते आपल्याला कसे वाटले हे दुसरीकडे कोठेही मिळत नाही. वाचनाच्या नोंदी म्हणून प्रकरणवार गोषवारे लिहून वह्या भरणाऱ्यांनी याचा विचार करावा.

नोंद पुस्तक मिटून लिहावी, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून कागदावर लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्यानंतर पाहिले तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिलेले आढळले. पुस्तक समोर उघडे ठेवून वाक्ये उतरवण्यात जे समाधान मिळते ते या पाच मिनिटांच्या यशासारखे फसवे असते. एखादे वाक्य शब्दशः हवेच असेल तर ते अवतरणचिन्हांत, पृष्ठक्रमांक आणि आवृत्तीचे वर्ष यांसह घ्यावे आणि आपले म्हणणे अवतरणाबाहेर ठेवावे. ही शिस्त नसेल तर दहा वर्षांनी वहीतले सुंदर वाक्य आपले की लेखकाचे हे आपल्यालाच सांगता येत नाही, आणि नकळत होणारी वाङ्मयचौर्ये बहुधा अशाच वह्यांमधून जन्म घेत असावीत. मोबाइलने पानाचे छायाचित्र काढून ठेवणे ही तर नोंदच नव्हे. तो फार तर नोंद करण्याचा संकल्प असतो आणि अशा संकल्पांचा ढीग किती उंच होतो हे ज्याने त्याने आपल्या मोबाइलमध्ये पाहून घ्यावे.

उपयुक्त माहितीची गोष्ट याहून गंभीर आहे. वाचनाची नोंद चुकली तर लिहिणाऱ्याची फजिती होते, युक्ती चुकली तर इजा होऊ शकते. तरीही आपण सर्वांत कमी काळजी याच नोंदींची घेतो. कोणी सांगितले, केव्हा सांगितले, करून पाहिले का आणि काय झाले, या चारही गोष्टी वगळून उरलेले एक आज्ञार्थी वाक्य आपण लिहून ठेवतो. तारीख नसलेली युक्ती किती महागात पडते याचे एक उदाहरण पुरेसे आहे. तान्ह्या बाळाला पालथे निजवावे असा सल्ला अनेक देशांत जाणकार मंडळी कित्येक वर्षे देत होती आणि आयांनी तो मोठ्या विश्वासाने लिहून ठेवला असणार. पुढे पालथे झोपणे आणि बाळाचा झोपेत अचानक होणारा मृत्यू यांचा संबंध स्पष्ट झाला, 1992 मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळाला पालथे निजवू नये अशी शिफारस केली, 1994 पासून उताणे निजवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या दशकभरात त्या देशात अशा मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजीच्या वहीतली तारीख नसलेली ती ओळ मात्र आजही तितक्याच अधिकाराने बोलत राहील. तारीख असती तर वाचणाऱ्याला निदान शंका तरी घेता आली असती.

अर्धवट नोंदही तितकीच वाईट. कपड्यांवरचे डाग ब्लीचने निघतात हे खरे आणि संडासातले पिवळे थर आम्लयुक्त द्रावणाने निघतात हेही खरे. पण वहीत या दोन ओळी एकाखाली एक आल्या आणि दोन्ही एकत्र वापरली तर अधिक चांगले निघेल असे कोणाला वाटले, तर ब्लीचमधील सोडियम हायपोक्लोराइट आणि आम्ल यांच्या संयोगातून क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो. ब्लीच अमोनियाशी मिसळले तरी क्लोरामाइनचे घातक वायू तयार होतात. तेव्हा ‘काय करावे’ याच्या शेजारी ‘काय करू नये’ हे लिहिल्याशिवाय युक्तीची नोंद पूर्ण झाली असे मानू नये. आणि एखादी युक्ती पुढे चुकीची ठरली तर ते पान फाडू नये. तिच्यावर वाचता येईल अशी एकच रेघ मारून, रेघ मारल्याची तारीख आणि कारण शेजारी लिहावे. फाडलेली चूक पुन्हा दुसऱ्या कोणाच्या तोंडून नवी माहिती म्हणून आपल्याकडे येते. रेघ मारलेली येत नाही.

रोजच्या नोंदींविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यांचे कौतुक आधीच भरपूर झाले आहे आणि त्यातले बरेचसे भावनेच्या अंगाने झाले आहे. मला त्यांची कोरडी बाजू अधिक मोलाची वाटते. कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठले, पाण्याची टाकी केव्हा साफ केली, चष्म्याचा नंबर केव्हा बदलला, समोरच्या झाडाला पालवी कोणत्या दिवशी दिसली, अशा विशेषणरहित ओळी लिहिताना नीरस वाटतात, पण वर्षांमागून वर्षे साचल्यावर त्या बोलू लागतात. रॉबर्ट मार्शम या इंग्लिश जमीनदाराने 1736 पासून पहिले फूल, पहिली पालवी, पहिली पाकोळी अशा वसंताच्या खुणांच्या तारखा नोंदवायला सुरुवात केली आणि त्याच्या वंशजांनी हा क्रम 1958 पर्यंत चालू ठेवला. अमेरिकी लेखक हेन्री डेव्हिड थोरो याने 1850 च्या दशकात अमेरिकेतील काँकॉर्ड या गावाच्या परिसरात शेकडो वनस्पतींना पहिले फूल केव्हा आले ते लिहून ठेवले होते. दीडशे वर्षांनी संशोधकांनी त्याच परिसरात पुन्हा निरीक्षणे करून तारखा ताडून पाहिल्या, तेव्हा तेथील फुले सरासरी आठवडाभर आधी येऊ लागल्याचे दिसले आणि वाढत्या तापमानाचा तो एक भक्कम पुरावा ठरला. लिहिताना या दोघांच्या मनात तसले काहीही नव्हते. त्यांनी तीच गोष्ट त्याच पद्धतीने दरवर्षी पाहिली आणि तारखेसह लिहिली, एवढेच. दोन पथ्ये मात्र पाळावीत. दुसऱ्यांच्या आजारपणाच्या व खासगी गोष्टी त्यांच्या नावानिशी लिहू नयेत आणि पासवर्ड वहीत मुळीच ठेवू नयेत.

वही टिकण्याचाही विचार व्हायला हवा. पेन्सिलीचे ग्राफाइट उजेडाने उडत नाही आणि पाण्याने पसरत नाही. शाईचे पेन आवडणाऱ्यांनी निदान पाणी लागले तरी न फुटणारी शाई घ्यावी. दुकानातून मिळणाऱ्या थर्मल कागदाच्या पावत्या वहीत चिकटवून काही उपयोग नाही, कारण उष्णतेने आणि उजेडाने त्यांवरची अक्षरे काही काळाने उडून जातात. त्यावरचा मजकूर हाताने उतरवून घ्यावा. संगणकावर नोंदी ठेवणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती 1991 मध्ये आली आणि तिच्यात देवनागरी होती, पण त्यानंतरही अनेक वर्षे मराठी मजकूर ज्याच्या त्याच्या संकेतप्रणालीच्या फाँटमध्ये टंकित होत राहिला. तो फाँट संगणकावर नसेल तर आज त्या फायली उघडल्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक चिवडा दिसतो. ज्यांच्याकडे अशा जुन्या फायली असतील त्यांनी फाँट आणि परिवर्तक मिळत आहेत तोवर त्या युनिकोडमध्ये आणून साध्या मजकुराच्या रूपात, दोन वेगवेगळ्या ठिकाणी जतन कराव्यात. एखाद्याच ॲपच्या पोटात सगळे ठेवणाऱ्यांनी, त्या ॲपमधून सर्व नोंदी एकत्र बाहेर काढता येतात की नाही हे आजच तपासून घ्यावे.

आता आपल्याकडे एक विनंती आहे. आपल्या वाचकांपैकी पुष्कळ जण पुरवणीतील उपयुक्त माहितीच्या चौकटी कापून वहीत लावतात. वृत्तपत्राच्या कागदात लाकडाचा लगदा असतो आणि त्यातील लिग्निन या घटकामुळे तो उजेडात व हवेत पिवळा पडून ठिसूळ होतो, इतकेच नव्हे तर शेजारच्या चांगल्या पानावरही डाग पाडतो, हे आपल्याला मी सांगायला नकोच. कागद बदला असे माझे म्हणणे नाही. मजकूर हाताने उतरवणे केव्हाही चांगले. पण उतरवायचा तरी काय, हा प्रश्न राहतो. दिनांक पानाच्या माथ्यावर छापलेला असतो आणि कात्री चालते ती चौकटीभोवती, म्हणून कात्रणात सल्ला येतो व दिनांक केराच्या टोपलीत जातो. प्रत्येक चौकटीच्या आतच, शेवटच्या ओळीत, दिनांक, लिहिणाऱ्याचे नाव आणि माहितीचा आधार छापावा. आरोग्य, औषधे, रसायने आणि वीज यांविषयीच्या मजकुराबाबत तरी हे सक्तीचे करावे. एखादा सल्ला पुढे चुकीचा ठरला तर दुरुस्ती छापताना मूळ मजकूर कोणत्या दिवशी आला होता ते सांगावे, म्हणजे वाचकाला आपल्या वहीतली ती नोंद शोधून तिच्यावर रेघ मारता येईल. आपल्या डिजिटल आवृत्तीत मजकूर नंतर बदलला जात असेल तर बदलाचा दिनांकही तेथे दिसावा आणि लेखाचा इंटरनेटवरील पत्ता बदलू नये, कारण वहीत लिहून ठेवलेला पत्ता वाचकाला आपोआप दुरुस्त करता येत नाही.

पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर लूमान आणि मार्शम यांना वगळले तरी चालेल, परंतु बाराखडीच्या सूचीचा परिच्छेद आणि वरची विनंती तेवढी राहू द्यावी.

आपला नम्र,
एक नियमित वाचक